हरभऱ्याच्या भुसकटाची भिंत

माझ्या सासरी कशाचंही कारण विचारलं की एकच उत्तर मिळायचं, 'आपल्यात चालत न्हाई.' मंगळवारी लोकर कातरायची नाही, चालत नाही. उंबऱ्यावर बसून खायचं नाही, चालत नाही. मी माहेरी लाडावलेली आणि तोंडाळ. 'काहून चालत न्हाई?' हा माझा ठरलेला प्रश्न, आणि त्यावर सासू माझ्याकडं अशी बघायची की पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना. त्या घरात मी एक भिंत उभी केली, तिची ही गोष्ट. ती भिंत का झडते हे आम्हाला कुणालाच कळेना, आणि त्या न कळण्यापायी माझा संसार मोडता मोडता राहिला.

माझं माहेर पूर्णेच्या काठी, पुढं सिद्धेश्वरचं धरण झालं त्या अंगाला. काळी कसदार जमीन, घरात गहू-हरभरा, दारात बैल. सासर कळमनुरीच्याही पलीकडं, वऱ्हाडाच्या हद्दीजवळच्या माळावर. तिथं शेती बेताची आणि मेंढरं फार. निजामाचं राज्य होतं आणि जगात कुठं तरी मोठी लढाई चालू होती. आमच्यापर्यंत ती पोचली ती एवढीच, की बाजारात रॉकेल मिळेना आणि मीठ मिळालं तर मूठभर.

घर म्हणजे एकच खोली, वर मातीचं माळवद. खोलीला लागून एक पडवी, तीन बाजूंनी झाकलेली, चौथ्या बाजूनं उघडी. त्या उघड्या बाजूला मेंढरांचा वाडा, बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला. नवऱ्याला आम्ही मालक म्हणायचो. आमचे मालक दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचे ते मृगापर्यंत लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवत फिरायचे. वाट घराजवळून गेली तर मधेच थोडे दिवस येऊन जायचे. मुक्कामाला म्हणून यायचे ते पावसाळ्यात. आणि पावसाळ्यात तरी काय? खोलीत सासू-सासरे आणि मी, मालक वाड्यात मेंढरांजवळ घोंगडी पांघरून. लग्नाला वर्ष होत आलं तरी नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर विहिरीवर पाण्याचं निमित्त काढावं लागायचं. मला त्या उघड्या बाजूला भिंत हवी होती, आणि ती पावसाळ्याच्या आत हवी होती. भिंत झाली की पडवीची खोली होणार होती, आणि खोली झाली की मला नवरा मिळणार होता.

सासूला हे सांगायची सोय नव्हती. "पडवीत वारा लई येतो, आत्याबाई," एवढंच मी म्हणाले. चैत्रातल्या उन्हात वाऱ्याची तक्रार करणारी सून सासूनं पहिल्यांदाच पाहिली असेल. सासऱ्यांना मात्र लगेच कळलं. त्यांनी दुसरीकडं तोंड फिरवून "बांधू दे तिला," असं म्हटलं आणि बाभळीच्या मेढी आणून खड्ड्यात रोवून दिल्या.

दगडाची भिंत आमच्या ऐपतीची नव्हती, म्हणून कुड घालायचा ठरला. कुड म्हणजे वाळक्या काड्यांची ताटी आणि तिला दोन्ही अंगांनी चिखलाचा गिलावा. आता काड्या कशाच्या, यावर पहिलं भांडण झालं. सासू म्हणाली पऱ्हाट्या, मी म्हणाले तुराट्या. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं वाळलं झाड, दिसायला दांडगी असते. पण गुडघ्यावर ठेवून वाकवली की काडकन मोडते. तुरीची काडी बारीक खरी, पण ती लवते आणि सोडली की पुन्हा सरळ होते. मी अंगणात बसून सासूसमोर एकेक काडी वाकवून दाखवली. सासूनं माझ्यासमोर पऱ्हाटीच्या जुडीवर चक्क उभं राहून दाखवलं, आणि जुडी काही मोडली नाही. म्हणजे दोघीही खऱ्या ठरलो. शेवटी सासऱ्यांनी निवाडा दिला, उभ्या पऱ्हाट्या आणि त्यांच्यातून आडव्या विणलेल्या तुराट्या. अंबाडीच्या सालीचा वाख पाण्यात भिजवून आम्ही त्यानं सगळं आवळलं. वाख वाळला की आणखी ताठ बसतो. "सासू-सुनेला एका दोरीत बांधलंय, आता कुठं जातेत," असं म्हणून सासरे आपल्याशीच हसले.

दुसरं भांडण चिखलाचं. सासरच्या रीतीनं चिखलात ज्वारीचं भुसकट आणि शेण घालायचे. मी वडलांना निरोप धाडला होता, आणि त्यांनी गाडीभर हरभऱ्याचं भुसकट आणि नदीकाठची पांढरी माती पाठवून दिली. खळ्यावर अवकाळी पावसात भिजून काळं पडलेलं भुसकट होतं ते. बैल त्याला तोंड लावत नव्हते, म्हणून भिंतीच्या कामी आलं. आमच्याकडं सगळी घरं याच गिलाव्याची. चिवट, घट्ट, नखानं खरवडली तरी माती निघायची नाही.

"हरभऱ्याचं भुसकट भिंतीला आपल्यात चालत न्हाई," सासू म्हणाली.

"काहून?"

"माझ्या सासूनं सांगितलंय."

"काय सांगितलं त्यांनी?"

"चालत न्हाई म्हून."

भुसकट दारात येऊन पडलं होतं, गाडी परत गेली होती. सासऱ्यांनी पुन्हा तोंड फिरवलं आणि मी चिखल कालवला. भुसकट घालून तुडवला, मुरायला ठेवला, पुन्हा तुडवला. त्याला आंबूस वास सुटला तेव्हा माझ्या माहेरचं अंगण माझ्यासमोर उभं राहिलं. मग आईनं शिकवलं होतं तसा चिखलाचा गोळा करून खांद्याइतक्या उंचीवरून खाली टाकला. गोळा फुटला तर भुसकट कमी, पसरला तर पाणी जास्त. माझा गोळा नुसता बुडाशी चपटा झाला आणि बसून राहिला. सासूनंही तो पायानं ढकलून पाहिला आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे शाबासकीच.

भिंत वाळली आणि खरंच नजर लागावी अशी झाली. मी जाता-येता तिला कोपर मारून बघायची. कोपर दुखायचं, भिंत हलायची नाही. शेजारणी येऊन हात फिरवून गेल्या. उन्हाळी वावटळी आल्या, माळावरची धूळ घरात भरली, भिंतीला भेग म्हणून पडली नाही.

वैशाखात मालक मेंढरं घेऊन आले. मेंढरं बसवायची दोन रानं जवळच्याच गावांत होती, म्हणून मधल्या दिवसांत घरी मुक्काम. भिंत बघून ते तिच्याजवळ गेले. हात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. त्या दिवसांबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. एवढंच सांगते की मी सुखात होते आणि ते चारचौघांना दिसत असणार, कारण शेजारणी हसायच्या.

मालक गेले आणि सासू वाड्यातल्या लेंड्या झाडायला गेली. तिथून तिनं हाक मारली. भिंतीच्या वाड्याकडच्या अंगाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, गिलावा गेला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टाच्या पट्टा पातळ झाला होता, काही जागी तुराट्या बरगड्यांसारख्या दिसत होत्या. आतून भिंत जशीच्या तशी. मला काही कळेना. मी कोपर मारलं, कोपर दुखलं. मग ही माती गेली कुठं? खाली पडलेली म्हणावी तर ढेकूळही नव्हतं. जणू भिंतीनं आपली आपण माती गिळली होती.

मी पुन्हा चिखल कालवला, लिंपलं. भिंत पंधरवडाभर ठणठणीत उभी. पुढच्या खेपेला मालक आले, राहिले, गेले, आणि सासूनं पुन्हा वाड्यातून हाक मारली.

आता घरात जो तो कारण सांगायला लागला. सासरे म्हणाले, पांढरी माती ओल धरते. सकाळी भिंत तिथं ओलसर लागते हे त्यांनी हातानं पाहिलं होतं. पण ओल गुडघ्यावरच कशी, खाली का नाही, हे त्यांना सांगता येईना. कळमनुरीच्या बाजाराला जाणारा एक गवंडी आमच्या दारावरून जायचा, पिढ्यान्‌पिढ्या चुना-दगडाचं काम करणाऱ्या मुसलमान घरातला. सासऱ्यांनी त्याला बोलावलं. त्यानं थापीनं ठोकून पाहिलं, खाली वाकून पाहिलं आणि मान हलवली. "उधई है, बाई. मिट्टी का काम ऐसाच रहता," असं म्हणून तो पाणी पिऊन गेला. मी कुडाच्या बुडाला राख ओतली. पण उधई लागली तर काड्या खाणार, माती नाही, आणि काड्या तर धडधाकट होत्या. सांगणारा सांगून गेला आणि मी जास्तच गोंधळले.

सासूनं कारण सांगितलं ते शेवटी. ती दळत बसली होती, मी पीठ भरत होते.

"पोरगं भाइर असलं की भिंत उभी," ती म्हणाली. "पोरगं घरात आलं की भिंत झडती. अन् पोरगं तिथं येऊन राहतं ते कुणासाठी?"

"म्हंजे काय, आत्याबाई?"

"तुमचं दोघांचं त्या खोलीत राहणं देवाला मान्य न्हाई, दुसरं काय. मिरगाला पोरगं मुक्कामाला येईल. तवा भी भिंत झडली तर तू पावसाळाभर माहेरी जाय."

मी ताडकन उठले. म्हणाले, भिंत मातीची आहे, तिला काय कळतं कोण कुणाजवळ झोपलं. सासू शांतपणे दळत राहिली. तिचा राग आला, पण तिच्या बोलण्यात खोट काढता येईना हा खरा राग होता. मी मनात सारं पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. ते नसताना भिंत राहत होती, ते आल्यावर जात होती. चिखल तोच, हात तेच, काड्या त्याच. बदलत होता तो फक्त माझा नवरा.

मग माझंच मन फिरायला लागलं. आमच्यात काही वावगं आहे का? लग्नात काही चुकलं का? पावसाळाभर माहेरी म्हणजे पुढच्या वर्षीपर्यंत नवऱ्याचं तोंड दिसायचं नाही, आणि तेव्हा सासू आणखी काय काढेल कोण जाणे. माळाच्या उतारावर मेंढरांची धूळ दिसली की पूर्वी मी हरखून जायची. आता मी आधी भिंतीकडं बघायची. आणि मागच्या खेपेला मालक निघाले तेव्हा मला बरं वाटलं होतं, भिंत तरी राहील म्हणून, हे आठवून मला माझीच लाज वाटायची. नवरा गेल्याचा आनंद होणारी मी कसली बाई, हे मला कळेना.

मृग जवळ आला आणि मालक मुक्कामाला आले. सासूनं त्यांना सगळं सांगितलं असावं. त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही, समजूतही काढली नाही. घोंगडी उचलली आणि वाड्यात मेंढरांजवळ जाऊन झोपले. "मी आत येतच न्हाई. मग बघू भिंत कशी झडती," एवढं म्हणाले. मला ते पटलं आणि रडूही आलं. भिंतीच्या आत मी एकटी, भिंतीच्या बाहेर ते.

भिंत तरीही झडली. उलट आधीपेक्षा भराभर.

मला वाटलं, आता तरी सासूचं म्हणणं खोटं पडलं. तसं काही झालं नाही. "पोरगं आत न्हाई तरी झडून राहिली, म्हंजे तुझाच पायगुण," ती म्हणाली, आणि माझं गाठोडं बांधायला लागली. मालक खाली मान घालून उभे होते. बाजाराच्या दिवशी माहेराकडं जाणारी गाडी मिळणार होती. मी भांडायचं सोडून दिलं. ज्या बाईला स्वतःलाच खात्री नाही ती भांडणार कशावर?

बाजाराच्या आदल्या दिवशी मालक मेंढरं घेऊन माळावर गेले. एक मेंढी पायात काटा मोडून लंगडत होती, तिला वाड्यातच ठेवलं होतं. मी तिला पाणी ठेवायला गेले. भर दुपार होती. मेंढी भिंतीला तोंड लावून उभी होती, आणि जीभ भिंतीवर वरून खाली, वरून खाली फिरवत होती. मग तिनं दातांनी एक टवका काढला आणि चावत माझ्याकडं बघितलं.

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग मी भिंतीजवळ गेले, वाकले आणि मेंढीच्या शेजारी भिंतीला जीभ लावली. खारट लागली. खारट आणि आंबट, लहानपणी हरभऱ्याच्या वावरातून जाताना पानांवरच्या दवानं ओली झालेली बोटं चाटायचो तशी. ती चव मातीची की भुसकटाची, हे मला आजही सांगता येणार नाही. पण ती माझ्या माहेरची होती.

"काय करून राहिलीस गं?"

सासू मागं उभी होती. मी भिंतीपासून तोंड काढलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग बघता बघता उतरला आणि भलतंच काही तरी दिसायला लागलं.

"माती खावी वाटती? कवापासून?" तिनं हळूच विचारलं.

मला उलगडायला वेळ लागला. ती डोहाळे समजली होती. "तसं काही न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. "तुमी चाखून बघा."

ती काही चाखेना. मग मेंढीकडं तिचं लक्ष गेलं. मेंढी पुन्हा चाटायला लागली होती. सासूनं बोट भिंतीवर घासलं, जिभेला लावलं, पुन्हा घासलं, पुन्हा लावलं. तेवढ्यात सासरे वाड्याच्या तोंडाशी आले. सून आणि सासू भिंतीपाशी बोटं चोखत उभ्या आहेत हे बघून ते आल्या पावली परत फिरले.

"म्हून चालत नसंल," सासू बोट पदराला पुसत म्हणाली.

"मग काहून ते आधी सांगायचं की."

"मला तरी कुणी सांगितलं व्हतं?"

संध्याकाळी मालक आले. मी त्यांना काही सांगितलं नाही, नुसतं थांबवून ठेवलं. वाड्याच्या तोंडाचे काटे सरकले आणि मेंढरं आत शिरली ती सरळ भिंतीकडं गेली, एकीला एक लागून उभी राहिली आणि भिंत दिसेनाशी झाली. दिवसा आम्ही भिंत बघायचो तेव्हा मेंढरं माळावर असायची, आणि मेंढरं घरी असायची तेव्हा त्यांच्या अंगाआड भिंतच दिसायची नाही. मालकांबरोबर घरी येत होतं ते मेंढरांचं सगळं खांडच आमच्या नजरेतून सुटलं होतं. मेंढरं आमच्या इतकी नेहमीची होती की त्यांना कुणी मोजलंच नाही.

मालक खाली बसले. "रातभर कानाशी आवाज येत व्हता," ते म्हणाले. "मला वाटलं रवंथ करून राहिलेत." एवढं बोलून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. सासरे म्हणाले, दर वर्षी मेंढरांना चाटायला मीठ ठेवतो, औंदा मीठच मिळालं नाही. सगळ्यांना सगळं माहीत होतं, तुकड्या-तुकड्यानं. सासूनं माझं गाठोडं सोडलं. लुगडी घडी करून ठेवताना ती पुटपुटली, "मेंढरं तर हायेतच. पर पायगुण भी असतोच."

पहिल्या पावसाच्या आत आम्ही दोघींनी सगळा गिलावा उतरवला आणि सासरच्या रीतीनं नवा चढवला. काळी माती, ज्वारीचं भुसकट, शेण. चिखल सासूनंच तुडवला. भिंत काही तितकी चांगली झाली नाही. वाळल्यावर भेगा पडल्या, कोपर मारलं की खळगा पडायचा, आणि टेकून बसलं की माती अंगावर झडायची. पण मेंढरांनी तिला एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. पावसाळाभर ती उभी राहिली, आणि पावसाळाभर मला नवरा होता.

दिवाळी झाली. मालक घोंगडी खांद्यावर टाकून मेंढरांमागं निघाले. मी पडवीत बसून बघत होते. उतारावरची धूळ दिसेनाशी झाली आणि मला रडू फुटलं. याआधी ते गेले की माझं पहिलं लक्ष भिंतीकडं जायचं. आता भिंत कुठं जाणार नव्हती, जाणारे तेच होते, आणि ते गेल्याचं दुःख मला सरळ होत होतं.

सासू आली. त्या घरात आल्यापासून मी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता.

"काहून रडतीस गं?"

"मालक गेले म्हून," मी सांगितलं.

ती माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली. "माझं भी पोरगं गेलं," ती म्हणाली. दोघींच्याही अंगावर माती झडत होती, आणि दोघीही बराच वेळ उठलो नाही.